शेजारी गस्तीला निघतात तेव्हा

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

'वॉलंडर' ही स्वीडिश डिटेक्टिव्ह मालिका आपल्यातल्या काही जणांनी तरी सबटायटल वाचत वाचत बघितली असेल. स्वीडनच्या दक्षिण टोकाला इस्टाड नावाचं समुद्रकाठचं छोटं शहर, तिथला कुर्ट वॉलंडर नावाचा थकलेला, एकटा राहणारा पोलीस अधिकारी, आणि बहुतेक भागांत एखादा खून. क्रिस्टर हेनरिक्सनने वॉलंडर केलाय त्या मालिकेत २००९ सालचा एक भाग आहे. नाव 'शूवेन', म्हणजे चोर. एका वस्तीत लागोपाठ घरफोड्या होतात, पोलिसांच्या हाती काही लागत नाही, आणि वस्तीतली माणसं ठरवतात की आता आपणच बघायचं. पुढचं सांगत नाही, बघणाऱ्यांचा रसभंग नको.

आपल्यासारख्या प्रेक्षकाला यात सुरुवातीला काही खटकतच नाही. चोऱ्या होतायत, पोलिसांकडून काही होत नाही, लोक रात्री जागतायत. चांगलंच आहे की! स्वीडिश प्रेक्षक मात्र ही गस्त दिसली की सावरून बसतो. त्यांच्या भाषेत तिला एक शब्द आहे, 'मेडबॉर्यारगार्दे'. मेडबॉर्यारे म्हणजे नागरिक, गार्दे म्हणजे पहारा किंवा फौज. शब्द दिसायला साधा, पण तिकडच्या वर्तमानपत्रात तो आला की बहुतेक वेळा नाक मुरडूनच आलेला असतो. एवढा शांत, सुखवस्तू देश, आणि चार शेजारी टॉर्च घेऊन बाहेर पडले तर एवढं काय? या प्रश्नाच्या मागे गेलं की जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास हाती लागतो.

सुरुवात १९३१ पासून करू. स्वीडनच्या उत्तरेला ओडालेन नावाचं खोरं आहे. लाकूड आणि कागदाच्या लगद्याचे कारखाने, मजुरांची वस्ती. मंदीचा काळ, मजुरी कमी करण्यावरून संप पेटलेला, आणि मालकांनी संप फोडायला बाहेरून माणसं आणलेली. आदल्या दिवशी संपकऱ्यांनी त्या माणसांना मारहाण केली होती, हेही सांगायला हवं. स्थानिक पोलीस मोजकेच, म्हणून सैन्य बोलावलं गेलं. १४ मे १९३१ ला हजारो कामगारांचा मोर्चा बाहेरच्यांना ठेवलं होतं तिकडे निघाला आणि सैनिकांनी गोळ्या झाडल्या. पाच जण मेले. त्यातली एक तरुण मुलगी तर नुसती बघायला उभी होती.

स्वीडनच्या राजकारणात ओडालेन हे नाव आजही जड आहे. त्यानंतर एक गोष्ट बहुतेकांना कळून चुकली की गर्दी आवरायला सैन्य वापरायचं नाही, त्यासाठी तयार केलेले पोलीस हवेत. १९३३ मध्ये राज्याचं वेगळं पोलीस दल उभं राहिलं ते या धड्यातून.

आणि त्याच सुमारास दुसरं प्रकरण बाहेर आलं. ब्रोर मुंक नावाच्या एका निवृत्त जनरलने स्टॉकहोममध्ये एक गुप्त दल उभारलं होतं. सगळी प्रतिष्ठित मंडळी. उद्या कम्युनिस्टांनी उठाव केला तर सरकारच्या मदतीला धावायचं, हा हेतू. पैसे होते, शस्त्रं होती, शिस्त होती. परवानगी तेवढी नव्हती. गौप्यस्फोट झाला आणि १९३२ मध्ये दल बरखास्त करावं लागलं. या माणसांना स्वतःला गुंड म्हणवून घेणं सहन झालं नसतं. आपण कायद्याचे रक्षक आहोत असंच ते मनापासून समजत होते. मला या सगळ्या इतिहासात हा भाग सर्वात बोलका वाटतो. त्या काळात शेजारच्या जर्मनीत रस्त्यावर गणवेश घालून फिरणाऱ्या खाजगी फौजा काय करत होत्या, ते स्वीडनला समोर दिसत होतंच.

त्या दशकात स्वीडनने कायदाच केला. आज तो त्यांच्या दंडसंहितेच्या १८ व्या प्रकरणात आहे. सैन्य किंवा पोलीस यांच्यासारखं बळाचं साधन बनू शकेल अशी संघटना सरकारी परवानगीवाचून उभारणं किंवा तिच्यात सामील होणं हा गुन्हा, शिक्षा दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद. कलम क्वचितच वापरलं जातं. पण त्यात हेतूची चौकशी नाही, हे लक्षात घ्या. तुमचा हेतू किती का चांगला असेना, अशी फौज उभी करायचीच नाही.

आता उडी थेट १९६५ वर. १ जानेवारी १९६५ ला स्वीडनमधले नगरपालिकांच्या हातातले पोलीस सरकारजमा झाले, सगळ्या देशाचं एकच राष्ट्रीय पोलीस दल झालं. त्याच वर्षी माय श्योवाल आणि पेर वालो या जोडप्याची पहिली मार्टिन बेक कादंबरी आली. दहा वर्षांत दहा कादंबऱ्या. आज जगभर ज्याला स्कँडिनेव्हियन क्राइम म्हणतात त्याचा पाया यांनी घातला. दोघंही कट्टर डावे. नव्या केंद्रीय पोलीस दलावर त्यांचा भयंकर राग. त्यांच्या एका कादंबरीत तर एक माजी पोलीसच पोलिसांवर सूड म्हणून छपरावरून गोळ्या झाडतो. तिच्यावर १९७६ मध्ये 'मानेन पो ताकेत', म्हणजे छपरावरचा माणूस, हा सिनेमा आला, दिग्दर्शक बो विडरबर्ग. आणि गंमत बघा, ओडालेनच्या गोळीबारावर १९६९ मध्ये सिनेमा काढणारा तोच विडरबर्ग. तिकडचे लोक डिटेक्टिव्ह गोष्ट ही नुसती करमणूक म्हणून का बघत नाहीत, ते यावरून कळावं. खून कोणी केला, एवढ्यावर त्यांची गोष्ट थांबत नाही. बळ कोणाच्या हातात असावं, हा प्रश्न तिच्या पोटात असतोच.

या परंपरेतला पुढचा मोठा माणूस हेनिंग मानकेल, वॉलंडरचा निर्माता. मानकेल वर्षातला बराचसा काळ आफ्रिकेत, मोझांबिकच्या मापुतो शहरात नाटकं बसवत घालवायचा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तो स्वीडनला परत आला तेव्हा त्याला आपला देश ओळखू येईना. काय काय झालं होतं बघा. १९८६ मध्ये पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांचा भर रस्त्यात खून झाला होता आणि खुनी सापडत नव्हता. इस्टाडपासून जवळच शॉबो नावाचा एक तालुका, तिथे १९८८ मध्ये निर्वासितांना घ्यायचं की नाही यावर चक्क मतदान घेतलं गेलं आणि जवळपास दोन तृतीयांश लोकांनी 'नको' म्हटलं. पुढे १९९१-९२ मध्ये स्टॉकहोम आणि उप्साला भागात एका माणसाने, सापडेपर्यंत, परदेशी दिसणाऱ्या अकरा जणांवर गोळ्या झाडल्या. एक जण मेला. वर्तमानपत्रांनी त्याला 'लेझरमन' नाव दिलं होतं, कारण सुरुवातीला त्याच्या बंदुकीला लेझरची खूण होती. त्याच वेळी अर्थव्यवस्था कोसळली. सप्टेंबर १९९२ मध्ये चलन वाचवायला तिथल्या रिझर्व्ह बँकेने एक व्याजदर थेट ५०० टक्क्यांवर नेला होता, छपाईची चूक नाही, पाचशेच. बेकारी दोन-अडीच वर्षांत दोन टक्क्यांच्या आसपासवरून आठच्या वर गेली. आणि युगोस्लाव्हियातलं युद्ध. एकट्या १९९२ मध्ये ८४ हजार माणसं स्वीडनमध्ये आश्रय मागायला आली.

पहिली वॉलंडर कादंबरी १९९१ ची, इंग्रजीत 'फेसलेस किलर्स'. एका खेड्यातलं म्हातारं शेतकरी जोडपं, त्यांच्यावर घरात घुसून हल्ला. नवरा मेलेला, बायको दवाखान्यात शेवटच्या घटका मोजतेय. मरताना ती एकच शब्द बोलते, 'परदेशी'. हा शब्द पोलीस स्टेशनातून बाहेर फुटतो. टीव्हीवर येतो. मग निर्वासितांच्या छावणीवर हल्ला, एका सोमाली माणसाचा खून. आता वॉलंडरच्या पुढ्यात दोन गुन्हे. एक मूळचा, दुसरा त्या एका शब्दाने घडवलेला. दुसऱ्या गुन्ह्यातल्या माणसांना पहिल्या गुन्ह्याचं काहीच माहीत नसतं. त्यांना फक्त तो शब्द माहीत असतो.

रसिक वाचक म्हणून माझं मत, मानकेलचं खरं मोठेपण पुढे, १९९६ च्या 'द फिफ्थ वुमन'मध्ये दिसतं. नागरी फौजेचा विषय त्याने तिथे पूर्ण हातात घेतला. ('शूवेन'ची गोष्ट मानकेलच्या कुठल्या कादंबरीवरून घेतलेली नाही. हेनरिक्सनच्या मालिकेतले बहुतेक भाग नव्याने लिहिलेले आहेत. पण विषयाचं बीज या कादंबरीत आहे असं मला तरी वाटतं.) गोष्ट अशी. अल्जेरियात चार ननचा खून होतो, त्यांच्याबरोबर पाहुणी म्हणून राहिलेली एक स्वीडिश बाईही मारली जाते. तिचं नाव दडपलं जातं. तिच्या मुलीला हे कळायला बराच काळ जातो, आणि कळतं तेव्हा तिच्या आत काहीतरी तुटतं. इकडे इस्टाडच्या आसपास माणसं मरू लागतात. गाड्या विकून श्रीमंत झालेला, पक्ष्यांवर कविता करणारा एक म्हातारा. ऑर्किडचा शौकीन एक फुलवाला. असे. वाचकाला हळूहळू कळतं की ही वरून निरुपद्रवी दिसणारी माणसं बायकांना छळणारी होती. मारणारी एक बाई आहे हेही वाचकाला लवकरच कळतं. वॉलंडरला मात्र ते कळायला पुस्तकाचा बराच भाग जातो.

म्हातारा कवी मेल्यावर लोडिंगे नावाच्या गावात (हे गाव मानकेलने रचलेलं) माणसं एकत्र येतात. पोलिसांच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही, आपलं आपणच राखू. सभा होते. बघता बघता आजूबाजूच्या गावांतही तशा तुकड्या निघतात. आणि एक दिवस ते एका माणसाला पकडून मारतात. त्या माणसाचा कशाशीही संबंध नसतो. वॉलंडरचा सहकारी मार्टिनसन, त्याच्या शाळकरी मुलीला दुसरी मुलं मारतात, का, तर तिचा बाप पोलीस आहे. मार्टिनसन नोकरी सोडायला निघतो.

गंमत अशी आहे की वाचक म्हणून आपण त्या गावच्या फौजेवर चिडतो आणि त्याच वेळी त्या बाईच्या बाजूने असतो. मी तरी होते. ज्या बायकांना कायद्याने न्याय दिला नाही, तो ती देते. तिच्याकडे याद्या आहेत, ती खात्री करून घेते, ती अंदाधुंद कोणाला मारत नाही. फौजवाले दारू पिऊन, अंधारात, ऐकीव माहितीवर. या दोघांत फरक नाही असं कोण म्हणेल? मानकेल पण म्हणत नाही. तो फक्त दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात, एकाच पोलीस स्टेशनच्या हद्दीत ठेवतो, आणि वॉलंडरला दोघांच्याही मागे पाठवतो. वॉलंडरला त्या बाईबद्दल काय वाटतं ते शेवटच्या पानांत कळतं, आणि ते सोपं नाही. पण अटक तो करतोच.

मला यात मुंकच्या त्या प्रतिष्ठित मंडळींची आठवण येते. तक्रार खोटी आहे का? नाही. ओडालेनमध्ये मालकांची भीती खरी होती, कामगारांची भूकही खरी होती. लोडिंगेत खून खरोखर झाला होता. 'शूवेन'मध्ये घरं खरोखरच फोडली जातात. तक्रार खरी असते म्हणूनच तर माणसं जमतात! अडचण पुढच्या पायरीवर आहे. हाच तो चोर, हे ठरवायचं कुणी? रात्री साडेबाराला, टॉर्चच्या उजेडात, दहा जणांच्या घोळक्यात, ज्यातल्या एकाचं घर मागच्या आठवड्यात फुटलंय.

कायदा काय म्हणतो तेही बघून घेऊ, कारण इथे त्यांचा आणि आपला कायदा आश्चर्य वाटावं इतका सारखा आहे. स्वीडनमध्ये कैदेची शिक्षा असलेला गुन्हा करताना किंवा करून पळताना एखादा सापडला, तर त्याला कोणीही सामान्य नागरिक धरू शकतो. धरल्यावर ताबडतोब पोलिसांच्या ताब्यात द्यायचा, बस. आपल्याकडे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०. अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा तुमच्या डोळ्यादेखत घडला तर तुम्ही त्या माणसाला धरू शकता, आणि सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यायला हवा. दोन्हीकडे मुद्दा एकच, डोळ्यादेखत. 'हा बाहेरचा दिसतोय', 'ही माणसं इथली वाटत नाहीत', 'व्हॉट्सॲपवर आलं होतं', याला दोन्ही कायद्यांत जागा नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून मारलं. ग्रामपंचायतीच्या ऑफिसात कोंडून मारलं. भिक्षा मागायला आलेली माणसं होती ती. तिथेही एक शब्दच फिरला होता.

तर स्वीडन. कथा-कादंबऱ्यांत जे होतं ते प्रत्यक्षात झालं का? झालं. 'शूवेन' आला त्याच्या दोनच वर्षं आधी, ऑक्टोबर २००७ मध्ये, ब्लेकिंगे भागातल्या रोडेबी गावात टवाळ पोरांच्या त्रासाला वैतागलेल्या एका बापाने रात्री बंदूक चालवली आणि पंधरा वर्षांचा मुलगा मेला. सगळा देश दोन तट पडल्यासारखा भांडत होता. २०१३ च्या मे महिन्यात स्टॉकहोमच्या हुस्बी उपनगरात पोलिसांच्या गोळीने ६९ वर्षांचा माणूस मेला, त्यातून दंगल उसळली, गाड्या जळाल्या, आणि काही दिवसांनी 'आम्ही रक्षण करतो' म्हणत उजव्या गटांच्या टोळ्या उपनगरांत फिरायला लागल्या.

सगळ्यात वाईट २०१६. आदल्या वर्षी सुमारे १ लाख ६३ हजार माणसं आश्रयाला आलेली. २५ जानेवारीला गोथेनबर्गजवळ निर्वासित मुलांच्या वसतिगृहात काम करणाऱ्या एका २२ वर्षांच्या मुलीचा तिथल्याच एका रहिवाशाने भोसकून खून केला. अख्खा देश हळहळला. त्यानंतर चारच दिवसांनी, शुक्रवारी संध्याकाळी, तोंडं झाकलेली माणसांची टोळी स्टॉकहोमच्या मध्यवर्ती स्टेशनच्या परिसरात उतरली. रस्त्यावर राहणाऱ्या उत्तर आफ्रिकी पोरांना धडा शिकवा, असं लिहिलेली पत्रकं वाटली आणि परदेशी दिसणाऱ्यांना मारत सुटली. मारणाऱ्यांना त्या मुलीच्या खुन्याशी काही देणंघेणं नव्हतं, तो तर आधीच पोलिसांच्या ताब्यात होता.

मग स्वीडिश लोक चोरांपुढे हात टेकून बसतात का? नाही. ज्या देशाला नागरी फौजेचा एवढा तिटकारा, तिथे शेजाऱ्यांनी एकमेकांची घरं राखण्याची पद्धत मात्र उत्तम चालते. तिचं नाव 'ग्रानसामवेर्कान', शेजार-सहकार्य म्हणू. ऐंशीच्या दशकापासून आहे. वस्तीच्या तोंडाशी पाटी असते, या वस्तीत शेजारी एकमेकांकडे लक्ष ठेवतात म्हणून. गल्लीतला एक जण संपर्काचा माणूस असतो, तो पोलिसांशी बोलतो, पोलीस त्याला माहिती देतात. तुम्ही गावाला निघालात तर शेजाऱ्याला सांगून जायचं. तो तुमची टपाल-पेटी रिकामी करतो, बर्फात तुमच्या दारापर्यंत मुद्दाम पावलं उमटवतो, तुमच्या कचऱ्याच्या डब्यात आपला कचरा टाकतो, म्हणजे घर भरलेलं वाटावं. अनोळखी गाडी दिसली तर नंबर टिपायचा आणि फोन करायचा. अडवायचं नाही, पाठलाग करायचा नाही, दांडकं तर नाहीच. काही गावांत आईबाप पिवळी जाकिटं घालून शुक्रवारी-शनिवारी रात्री रस्त्यावर फिरतात, त्यांचं कामही पोरांशी बोलणं, जास्त झालेल्याला घरी पोचवणं एवढंच.

हे एवढं मिळमिळीत, याने काय होणार, असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. स्वीडनच्या गुन्हे प्रतिबंध परिषदेने २००८ मध्ये अशा योजनांच्या वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा छापला, त्यात गुन्हे सरासरी १६ ते २६ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. नेमकं कशामुळे, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. आणि हेही खरं की अशी पाटी बहुतेक वेळा तिथेच लागते जिथे लोकांकडे बंगला आहे, वेळ आहे आणि शेजारी एकमेकांना ओळखतात. ज्या उपनगरांत सगळ्यात जास्त भीती आहे तिथे हे जमवणं अवघड जातं. तिकडे लोक आजही पोलिसांची वाट बघतात, आणि पोलीस आजही उशिरा येतात.

मानकेल ऑक्टोबर २०१५ मध्ये गेला, म्हणजे ती जानेवारीची संध्याकाळ त्याला बघावी लागली नाही. वॉलंडरच्या सगळ्या गोष्टी लिहून झाल्यावर त्याने म्हटलं होतं की या मालिकेला खरं उपशीर्षक हवं होतं ते स्वीडिश अस्वस्थतेबद्दलच्या कादंबऱ्या असं, आणि ते आपल्याला फार उशिरा सुचलं.

कोणाला सुरुवात करायची असेल तर आधी 'फेसलेस किलर्स' वाचा, मग 'द फिफ्थ वुमन'. तिच्यावर २००२ मध्ये केलेली टीव्ही मालिका आहे, त्यात वॉलंडर रोल्फ लास्गोर्डने केलाय, अगदी वेगळा, रानटी वाटेल असा. हेनरिक्सनचा 'शूवेन' त्यानंतर बघा. आणि मार्टिनसनची काळजी करू नका. पुढच्या पुस्तकांत तो पोलिसातच आहे.